क्षयाचा जंतू पाहण्याच्या तऱ्हा

क्षयरोगाच्या निदानाची सुरुवात बहुतेक वेळा बेडक्यापासून होते, आणि बेडक्याविषयी मोकळेपणाने बोलायला आपल्याला संकोच वाटतो. रक्तातील साखर किती आली हे आपण चारचौघांत सहज सांगतो. पण छातीतून खोकून काढलेला कफ डबीत घालून प्रयोगशाळेत नेणे हे काहीसे ओशाळवाणे, लपवून उरकायचे काम वाटते. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत काम करताना या संकोचाची किंमत मी रोज पाहिली आहे. डबी येते, झाकण उघडले की आत पाण्यासारखी पातळ लाळ असते, आणि त्या लाळेवर जगातले सर्वांत महागडे यंत्र चालवले तरी फुफ्फुसात काय चालले आहे हे समजण्याची आशा फार थोडी असते.

चांगला नमुना म्हणजे काय, हे सांगायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्या हवेत उभे राहावे, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्यावा, तिसऱ्या श्वासाला जोराने खोकावे, आणि खोलातून आलेला दाट, पिवळसर, चिकट कफ डबीत घ्यावा. निदान दोन मिलिलीटर तरी असावा. सकाळी उठल्याबरोबरचा कफ अधिक चांगला, कारण रात्रभर तो आत साठलेला असतो. इतकेच. पण हे सांगायला कुणी तरी हजर असावे लागते. आमच्या विभागात एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. बाई रुग्ण आली की ताई हातातले काम ठेवून तिला इमारतीच्या मागच्या मोकळ्या अंगणात घेऊन जात, स्वतः वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभ्या राहत आणि श्वास कसा भरायचा ते करून दाखवत. पुरुषांच्या रांगेत पदर तोंडाला लावून खोकणारी बाई खोलातून खोकणारच नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पुढे पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. तो २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. क्षयाचा संशय असलेल्या स्त्रियांपैकी काहींना नमुना कसा द्यावा हे नीट समजावून सांगितले गेले, काहींना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली गेली. ज्यांना सांगितले नव्हते त्यांच्यात सुमारे ८ टक्के स्त्रियांच्या नमुन्यात जंतू आढळले, आणि ज्यांना सांगितले होते त्यांच्यात सुमारे १३ टक्क्यांच्या. सूक्ष्मदर्शक तोच, रंग तेच, तपासणारे डोळेही तेच. निदानाच्या क्षेत्रात इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाही, आणि तिच्यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच कदाचित तिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही.

नमुना हाती आला की त्याला प्रश्न विचारायचे. या लेखात मला जे सांगायचे आहे ते असे की, क्षयाची प्रत्येक चाचणी वेगळाच प्रश्न विचारते. एक चाचणी जंतू दिसतो का ते पाहते, दुसरी तो वाढतो का ते पाहते, तिसरी त्याच्या जनुकांचा ठराविक तुकडा सापडतो का ते पाहते, आणि चौथी जंतूकडे पाहतच नाही, तर शरीराला त्याची ओळख झाली आहे का एवढेच तपासते. रुग्णाच्या हाती येणाऱ्या कागदावर मात्र या सगळ्यांची उत्तरे एकाच प्रकारे छापलेली असतात, आणि घरातली माणसे, कधी कधी डॉक्टरही, ती एकमेकांच्या जागी वाचतात.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाविज्ञान मंडळात क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी हे प्रश्न वेगवेगळे ठेवले होते. रोग झालेल्या ऊतींत त्यांनी जंतू रंगवून दाखवला. मग तापवून घट्ट केलेल्या रक्तद्रवावर तो वाढवला. आणि शेवटी ते वाढवलेले जंतू गिनीपिगांना टोचून त्यांच्यात तोच रोग निर्माण करून दाखवला. क्षयाचा जंतू इतका सावकाश वाढतो की वाढीची काही चिन्हे दिसायला दुसरा आठवडा उजाडावा लागे. त्या काळातले इतर अनेक जंतू एक-दोन दिवसांत वाढत, त्यामुळे आधी प्रयत्न करणाऱ्यांनी नळ्या लवकर टाकून दिल्या असतील तर नवल नाही. कॉख यांच्या बुद्धीइतकाच त्यांचा धीर मला मोठा वाटतो.

मराठी वाचकाला याच काळाशी जोडलेले एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. कॉख यांच्या व्याख्यानाला वर्ष उलटले तेव्हा, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या शिक्षणाच्या वर्षांत या रोगाचे कारण जगाला कळले होते, जंतू रंगवण्याची रीतही बसली होती; त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला मात्र १९४३ साल उजाडले. निदान आणि उपचार यांच्यामधली ही साठेक वर्षांची पोकळी आठवली की आज हाताशी औषध असताना निदानाला होणारा उशीर मला जास्त असह्य होतो.

रंगवण्याची ती रीत आजही आमच्याकडे जवळजवळ तशीच चालते. कॉख यांच्यानंतर पाउल एर्लिख यांनी ती सुधारली, आणि फ्रान्झ झील व फ्रीडरिश नीलसन यांनी तिला जे रूप दिले ते त्यांच्याच नावांनी ओळखले जाते. या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्ल नावाची मेणासारखी लांबलचक द्रव्ये असतात. त्यामुळे साधा रंग आत शिरतच नाही. पण कार्बोल फ्युक्सिनचा लालभडक रंग ओतून काच खालून तापवली की तो शिरतो, आणि एकदा शिरला की तीव्र आम्लानेसुद्धा निघत नाही. बाकी सगळ्या पेशींतला लाल रंग आम्लाने धुऊन जातो, त्यांच्यावर निळा रंग चढवला जातो, आणि निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू तेवढे लाल उरतात.

हे करताना हाताला सवय व्हावी लागते. आमच्याकडे बेडका उचलण्यासाठी झाडूच्या काडीचे टोक वापरत. नव्या विद्यार्थ्यांना याचे आश्चर्य वाटायचे, पण काडी स्वस्त असते, चिकट कफ तिच्यावर नीट येतो आणि काम झाले की ती टाकून देता येते. डबीतल्या कफाचा कोणता भाग उचलायचा हे डोळ्यांनी ठरवायचे: पिवळा, दाट, पूयुक्त. मग साधारण दोन बाय तीन सेंटिमीटरचा पातळ, एकसारखा थर काचपट्टीवर द्यायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. रंग ओतल्यावर वाफ येईपर्यंत तापवायचे, पण उकळू द्यायचे नाही. पाच मिनिटे थांबायचे. २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल दोन ते चार मिनिटे. मग मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट. थर जाड झाला तर प्रकाश आरपार जात नाही, पातळ झाला तर जंतू हाती लागत नाहीत, आणि रंग उकळला तर त्याचे स्फटिक काचेवर बसतात व नवशिक्याला तेच जंतू वाटतात.

त्यानंतर तेलाचा थेंब, शंभरपट मोठे दाखवणारे भिंग, आणि निदान शंभर दृश्यक्षेत्रे. निळ्या गर्दीत बारीक, किंचित वाकलेली लाल काडी दिसते. कधी तिच्यावर मण्यांसारखे ठिपके असतात, कधी दोन काड्या कोन करून चिकटलेल्या असतात. मोजायचे नियम ठरलेले आहेत: शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू दिसले तर नेमकी संख्या लिहायची, दहा ते नव्याण्णव असतील तर एक अधिक, प्रत्येक क्षेत्रात एक ते दहा असतील तर दोन अधिक, त्याहून जास्त असतील तर तीन अधिक. तीन अधिकचा नमुना भिंगाखाली आला की क्षणात कळते, आणि त्या माणसाच्या घरी लहान मुले आहेत का हा विचार आधी मनात येतो.

पण शंभर क्षेत्रांत एकही जंतू दिसला नाही तर? एक साधा हिशेब मांडून पाहावा. काचेवर पसरलेला कफ साधारण एक शतांश मिलिलीटर असतो. त्या मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणारे वर्तुळ इतके लहान असते की शंभर क्षेत्रे पाहूनही त्या थराचा एक टक्क्याहून कमी भाग पाहून होतो. म्हणजे एका मिलिलीटर कफात पाच ते दहा हजार जंतू असतील, तेव्हा कुठे शंभर क्षेत्रांत एखादा नजरेस पडण्याची शक्यता निर्माण होते. चार हजार जंतू असलेल्या माणसाचा अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असाच जाऊ शकतो, आणि तो खोटाही नसतो. जंतू खरोखरच आढळलेले नसतात. लहान मुले, एचआयव्हीबाधित रुग्ण, रोगाच्या सुरुवातीलाच आलेली माणसे यांच्या कफात जंतू मुळातच थोडे असतात. मानेच्या गाठीचा, मणक्याचा, फुफ्फुसाच्या आवरणाचा क्षय झालेल्यांच्या बेडक्यात तर ते नसायचीच शक्यता जास्त. ऑरामाइन रंग आणि एलईडी दिव्याचा प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक आल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकणारे जंतू कमी मोठेपणातून, म्हणजे अधिक विस्तृत भागात, झटपट शोधता येऊ लागले. फायदा झाला, पण मर्यादा संपली नाही.

दिसणे हा पहिला प्रश्न झाला. दुसरा प्रश्न वाढीचा. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्याला वाढवण्याचे नेहमीचे माध्यम लोवेनस्टाइन आणि जेन्सन यांच्या नावाचे आहे, आणि त्याचा मुख्य घटक कोंबडीची अंडी हा आहे. अंडी धुऊन, स्पिरिटने निर्जंतुक करून, फोडून, गाळून त्यांत क्षार, ग्लिसरॉल, अस्परॅजिन आणि मॅलाकाइट ग्रीन मिसळायचे. हा हिरवा रंग इतर जंतूंना दाबून ठेवतो. मग नळ्या तिरप्या ठेवून हळूहळू तापवून मिश्रण घट्ट करायचे. बेडक्यात इतर जंतू असंख्य असतात आणि ते एका रात्रीत सगळी नळी व्यापतात, म्हणून नमुन्यावर आधी सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करायची. ती थोडी कमी पडली तर नळी नासते, जास्त झाली तर क्षयाचे जंतूच मरतात. या दोहोंमधले अंतर फार नाही.

त्यानंतर वाट पाहायची. दर आठवड्याला नळ्या काढून उजेडात धरायच्या. तीन-चार आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी, हिरव्या पृष्ठभागावर फिकट पिवळसर, कोरड्या, खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या वसाहती दिसू लागतात. काही नाही आले तर आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय ‘वाढ नाही’ असे लिहायचे नाही. द्रव माध्यमाच्या नळ्या आल्या तेव्हा हा काळ बराच घटला: त्या नळीच्या तळाशी असलेला पदार्थ प्राणवायू असेपर्यंत चमकत नाही, आणि जंतूंनी प्राणवायू संपवला की चमकू लागतो, म्हणून यंत्राला वाढ लवकर कळते. तरीसुद्धा नकारार्थी उत्तरासाठी बेचाळीस दिवस थांबावेच लागते. इतका उशीर लागणारी चाचणी कशाला ठेवायची, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. जंतू जिवंत आहे, आणि अमुक औषध समोर असतानाही वाढतो आहे, हे प्रत्यक्ष दाखवणारी चाचणी आजही हीच आहे. ती मिलिलीटरमध्ये शंभराहून कमी जंतूसुद्धा पकडते.

या उशिरामुळेच एका घातक सोयीला आपल्याकडे बाजार मिळाला. रक्त घ्यायचे, त्यात क्षयाच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) आहेत का ते पाहायचे, आणि संध्याकाळपर्यंत छापील आकडा हाती द्यायचा. बेडका नको, संकोच नको, वाट पाहणे नको. खासगी दवाखान्यांतून या चाचण्या वर्षानुवर्षे लिहून दिल्या गेल्या. अडचण अशी की आपल्या देशात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरून निद्रिस्त पडलेला असतो, त्यांना रोग नसतो. जन्मतः बीसीजी टोचलेले असते. वातावरणातल्या त्याच कुळातल्या निरुपद्रवी जंतूंशी गाठ पडलेली असते. प्रतिद्रव्ये यांपैकी कशानेही निर्माण होतात, आणि खराखुरा क्षय असलेल्या कित्येकांत ती पुरेशी सापडत नाहीत. म्हणजे निरोगी माणसाला रोगी ठरवायचे आणि रोग्याला निरोगी म्हणून घरी पाठवायचे, अशी दोन्हीकडची चूक एकाच कागदावर.

आमच्या परिचयातल्या एका तरुण मुलाला महिनाभर ताप येत होता. एका खासगी प्रयोगशाळेच्या रक्ततपासणीत प्रतिद्रव्यांचा आकडा ‘वाढलेला’ आला आणि त्याच्यावर क्षयाची औषधे सुरू झाली. कावीळ झाली, कॉलेजचे वर्ष गेले, लग्नाची बोलणी थांबली, आणि शेवटी ताप दुसऱ्याच कारणाने होता असे निघाले. त्याच्या आईने मला एकच विचारले: “मशीनवर आलेला रिपोर्ट चुकीचा कसा असेल हो?” यंत्राने प्रतिद्रव्ये बरोबर मोजली होती. प्रतिद्रव्ये मोजून क्षय ठरत नाही, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये, सक्रिय क्षयाच्या निदानासाठी या रक्तचाचण्या वापरू नयेत, असे स्पष्टपणे सांगितले. एखादी चाचणी वापरू नका अशी शिफारस क्षयाच्या बाबतीत त्या संघटनेने पहिल्यांदाच केली होती. भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली. क्षयाच्या निदानात गेल्या काही दशकांत जे जे झाले, त्यात एखादे नवे यंत्र येण्याइतकेच एक वाईट चाचणी बंद होणे मी मोलाचे मानतो, आणि हा निर्णय आणखी दहा वर्षे आधी व्हायला हवा होता असेही मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरा प्रश्न जनुकांचा. केरी मलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआरची कल्पना मांडली: डीएनएचा नेमका तुकडा निवडायचा, आणि तापवणे-थंड करणे यांच्या आवर्तनांनी प्रत्येक वेळी त्याच्या प्रती दुप्पट करत जायचे. हे काम करणारे वितंचक (एन्झाइम) उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानालाही टिकावे लागते, आणि ते मिळाले अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूपासून. पीसीआर साध्या प्रयोगशाळेत करणे मात्र नाजूक काम होते. आधीच्या नमुन्यातल्या डीएनएचा एखादा कण हवेतून पुढच्या नळीत गेला तरी निरोगी माणसाचा अहवाल बिघडे. म्हणून २०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या जीनएक्सपर्ट यंत्राचे खरे कौतुक त्याच्या बंद डबीत आहे. आपल्याकडे त्याला सीबीनॅट म्हणतात. बेडका पातळ करून एका डबीत ओतला की जंतू फोडणे, डीएनए वेगळे करणे, त्याच्या प्रती काढणे आणि उत्तर वाचणे हे सारे आतल्या आत होते, आणि दोन तासांच्या आत निकाल मिळतो. मिलिलीटरमध्ये सुमारे १३० जंतू असले तरी ते ओळखू येतात; सूक्ष्मदर्शकाला लागणारे पाच हजार इथे आठवावेत.

यात आणखी एक गोष्ट आहे. रिफाम्पिसिन हे क्षयाच्या उपचारातले सर्वांत महत्त्वाचे औषध, आणि त्याला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी जवळजवळ सगळ्यांत बदल झालेला असतो तो ‘आरपीओबी’ या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात. हे यंत्र नेमका तोच पट्टा वाचते, त्यामुळे क्षय आहे का आणि हे औषध चालेल का, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळतात. जंतूने आपले सगळे बदल इतक्या छोट्या जागेत ठेवले, हे आपले मोठेच भाग्य.

पण सीबीनॅटला वातानुकूलित खोली लागते, अखंड वीज लागते. जिथे दुपारी चार तास वीज नसते त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कसे ठेवायचे? ट्रूनॅट या यंत्राने याचे उत्तर दिले. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये त्याचे तंत्र विकसित झाले आणि गोव्याच्या मोलबायो डायग्नॉस्टिक्सने ते बाजारात आणले. ते बॅटरीवर चालते, टेबलाच्या एका कोपऱ्यावर मावते, आणि त्याची चाचणी एका छोट्या चिपवर होते. सुमारे एका तासात क्षयाचे उत्तर, आणि जंतू सापडला तर आणखी तासाभरात रिफाम्पिसिनचे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. परदेशातून आलेली यंत्रे बसवण्यात ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली, त्यांना आपल्या शेजारच्या राज्यातून निघालेले यंत्र जगभर जाताना पाहून काय वाटले असेल, हे मला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी ही यंत्रे करोनाच्या तपासणीकडे वळली, माणसेही वळली. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. ते सहा लाख लोक घरी खोकत होते.

जनुकीय चाचणीलाही न दिसणारे काहीतरी आहेच. तिला मेलेला जंतू आणि जिवंत जंतू यांतला फरक कळत नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचे डीएनए कफातून पुढे कित्येक महिने येत राहते, आणि चाचणी ते इमानाने ओळखते. म्हणून उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा काचपट्टी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, यांच्याकडेच जावे लागते. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाचा सीबीनॅट सकारात्मक आला तर तो नवा रोग आहे की जुन्याची राख, हे ठरवताना अनुभवी डॉक्टरही थबकतात, त्यांनी थबकावेच. आणि सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्या, पण कल्चरमध्ये वाढलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांशच या चाचणीच्या पहिल्या आवृत्तीला सापडत असत. उरलेला एक-तृतीयांश म्हणजेही माणसेच.

चौथ्या प्रश्नाविषयी थोडक्यात. हातावर टोचून फुगवटा मोजायची मांटू चाचणी शतकभर जुनी आहे, आणि बीसीजी टोचलेल्या देशात तिचा अर्थ लावणे अवघड जाते. काल्मेट आणि ग्येराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात मूळ जंतू २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी तयार केली, तेव्हा त्याच्या जनुकसंचातला एक भाग गळून पडला. त्या गळालेल्या भागातली दोन प्रथिने वापरून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आता नवी त्वचाचाचणी तयार होते. बीसीजीमुळे ती फसत नाही. पण जंतूची ओळख झालेली आहे एवढेच तीही सांगते. आज रोग आहे का, हा प्रश्न तिला विचारू नये.

मुंबईने हा सगळा विषय वेगळ्या रीतीने शिकला. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या चार रुग्णांची हकीकत २०१२ च्या सुरुवातीला सर्वत्र गाजली. त्यांच्या रोगाला दिलेल्या ‘संपूर्ण औषधरोधक क्षय’ या नावावरून वाद झाला, पण त्या चौघांच्या आधीच्या उपचारांची कहाणी वाचली तर वाद नावाचा नव्हता हे कळते. कोणती औषधे चालतील हे न तपासता एकेक नवे औषध जोडत गेल्याने जंतू एकेक करून सगळ्यांना सरावला होता. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले.

आता बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी चार औषधे एकत्र देऊन बहुऔषधरोधक क्षय सहा महिन्यांत बरा करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही पद्धत मान्य केली. पूर्वी अशा रुग्णांना दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत, रोज इंजेक्शने टोचून घ्यावी लागत आणि कित्येकांना त्या इंजेक्शनांनी बहिरेपणा येई. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि तो खरोखर मोठा आहे. पण बेडाक्विलीनला जंतू सरावतो तेव्हा होणारे बदल रिफाम्पिसिनप्रमाणे ८१ अक्षरांत गोळा झालेले नसतात. ते एका संपूर्ण जनुकभर कुठेही विखुरलेले असतात, आणि त्यांतल्या कोणत्या बदलाने औषध खरोखर निकामी होते हे अजून प्रत्येकाविषयी सांगता येत नाही. जनुकसंच पूर्ण वाचला तरी त्या बदलाचा अर्थ लावायला शेवटी तो जंतू औषधासमोर वाढतो का हेच पाहावे लागते.

म्हणून तालुक्याला नवे यंत्र आले की जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कल्चर प्रयोगशाळेवरचा खर्च वाचेल, असे कुणी म्हणाले की मी गप्प बसत नाही. सहा महिन्यांच्या त्या उपचारातून एखाद्या रुग्णाचा कफ चौथ्या महिन्यात पुन्हा सकारात्मक आला, तर त्याचा जंतू बेडाक्विलीनसमोर वाढवून पाहण्याची सोय जवळपास असायला हवी. त्यासाठी आतली हवा बाहेर निसटू न देणारी ऋण दाबाची खोली लागते, जंतू हाताळणाऱ्याला वाचवणारे जैवसुरक्षा कपाट लागते, आणि त्याहून अधिक लागतात ते शिकलेले हात. माध्यमाची नळी नासली आहे की जंतू वाढला आहे, हे पाहताक्षणी ओळखणारा तंत्रज्ञ तयार व्हायला दोन-तीन वर्षे जातात, आणि आमच्याकडे अशी मुलेमुली बहुधा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात.